सी प्रोग्राममध्ये तात्पुरत्या फाईलींची नावं एकमेकांवर आदळतात तेव्हा

लक्षण आधी सांगतो, कारण ते समोर दिसत असूनही दुखणं फाईलच्या नावात आहे हे चटकन लक्षात येत नाही. आम्हाला पहिल्या वेळी तीन आठवडे लागले.

रात्री चालणारा एक प्रोग्राम होता. एखाद्या शाखेचा दिवसभराचा हिशेब आला की त्या शाखेसाठी एक प्रोसेस सुरू व्हायची, पावत्यांचा मजकूर तात्पुरत्या फाईलमध्ये लिहायची, आणि लिहून झालं की ती फाईल छपाईला जायची. महिनाभर सगळं सुरळीत. महिनाअखेरीला मात्र एका शाखेच्या गठ्ठ्यात दुसऱ्या शाखेच्या खातेदारांची नावं निघायची. लॉग स्वच्छ, एररचा पत्ता नाही, डेटाबेसमधले आकडे बरोबर. तोच प्रोग्राम सकाळी पुन्हा चालवला की पावत्या बिनचूक. दुसऱ्याच्या खात्यातली रक्कम तिसऱ्याच्या हातात पडणं ही साधी चूक नव्हे, त्यामुळे सगळ्यांनी मिळून डेटाबेसची क्वेरी तपासली, छपाईचा प्रोग्राम तपासला, नेटवर्क तपासलं. तिथे काहीच नव्हतं.

उलगडा झाला तो बिघडलेली फाईल एडिटरमध्ये उघडून ओळीओळीने वाचली तेव्हा. एका ठिकाणी ‘जमा रुपये’च्या पुढे आकडा यायला हवा होता; तिथे काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह होतं, आणि त्याला चिकटून ‘कर, मु. पो.’ असं कुणाच्या तरी आडनावाचं शेपूट. हेक्स डंप काढला. तुटलेली जागा फाईलच्या सुरुवातीपासून बरोबर १२,२८८ बाइटवर. पुढची तुटलेली जागा २०,४८० वर. दोन्ही संख्यांना ४,०९६ ने पूर्ण भाग जातो, आणि हा योगायोग नव्हता. लिनक्सवर एफप्रिंटएफने लिहिलेला मजकूर लगेच डिस्कवर जात नाही. तो आधी एका बफरमध्ये साठतो. ग्लिबसीमध्ये, म्हणजे लिनक्सवरच्या नेहमीच्या सी लायब्ररीत, हा बफर साधारणपणे फाईलसिस्टिमच्या ब्लॉकएवढा, म्हणजे बहुधा ४,०९६ बाइटचा असतो, आणि भरला की एकदम लिहिला जातो. एकच फाईल दोन प्रोसेसनी उघडली असेल तर दोघींची ‘मी कुठवर लिहिलं’ ही खूण वेगवेगळी असते. दोघीही शून्यापासून सुरू करतात आणि एकमेकींच्या ठोकळ्यांवर आपले ठोकळे ठेवत जातात. जिचा ठोकळा नंतर पडला, तिचा मजकूर राहिला. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइटचं असतं आणि मधली मोकळी जागा, स्वल्पविराम वगैरे एकेक बाइटचे, म्हणून ठोकळ्याची कड चिन्हाच्या मधोमध आली आणि ते प्रश्नचिन्ह उमटलं.

तुमच्याकडेही मजकूर असा तुटलेला आढळला आणि तुटलेल्या जागा ४,०९६ च्या पटीत निघाल्या, तर पुढचं वाचा. फंक्शनांची नावं आपण बोलतो तशीच लिहिली आहेत. उच्चारावरून स्पेलिंग कळणार नाही तिथे अक्षरं सुटी करून दिली आहेत.

आता आमचं नाव कसं तयार होत होतं ते बघा. ‘पावती’ हा शब्द, पुढे टाइम फंक्शनने दिलेले सेकंद, पुढे रँडने दिलेला आकडा. रँडचं बीज, म्हणजे त्याची मालिका ज्या आकड्यावरून ठरते तो, एसरँडला दिलेलं, तेही टाइममधूनच. लिहिणाऱ्याला वाटलं की वेळ आणि रँडम आकडा असे दोन आधार आहेत. प्रत्यक्षात आधार एकच आहे. टाइम सेकंदाच्या हिशोबात मोजतं, आणि बीज तेच असेल तर रँड तीच मालिका देणार हे सी भाषेच्या स्टँडर्डमध्येच लिहिलेलं आहे. एकाच सेकंदात सुरू झालेल्या दोन प्रोसेसना वेळही तीच मिळते आणि ‘रँडम’ आकडाही तोच. एरवी शाखांचे हिशेब वेगवेगळ्या वेळी यायचे म्हणून निभावलं. महिनाअखेरीला ते एकदम आले. क्रॉनवर, म्हणजे ठरलेल्या वेळी कामं सुरू करणाऱ्या व्यवस्थेवर, चालणाऱ्या कामांत तर हे हमखास होतं, कारण क्रॉन सगळी कामं मिनिटाच्या ठोक्यालाच सोडतो.

आम्ही काय केलं? बहुतेक जण करतात तेच. रँड काढून त्या जागी प्रोसेसचा नंबर, म्हणजे गेटपीआयडीचं उत्तर घातलं. एका यंत्रावर एका वेळी दोन जिवंत प्रोसेसचा पीआयडी एक असू शकत नाही, त्यामुळे हे शहाणपणाचं वाटलं. दीड वर्ष काही तक्रार नव्हती. मग सगळी व्यवस्था कंटेनरमध्ये, म्हणजे एकाच यंत्रावरच्या एकमेकांपासून वेगळ्या कप्प्यांमध्ये, हलली, तात्पुरत्या फाईलींचं फोल्डर सगळ्या कंटेनरना सामाईक राहिलं, आणि पुढच्याच महिनाअखेरीला तेच दुखणं परत आलं. प्रत्येक कंटेनरची पीआयडीची मोजदाद स्वतंत्र असते. आत सुरू होणाऱ्या मुख्य प्रोसेसचा नंबर १. शेजारच्या कंटेनरमध्येही १. सेकंद जुळला की नाव जुळलं. कंटेनर नसले तरी पीआयडीवर फार विसंबू नये. लिनक्समध्ये पीआयडीची मूळ मर्यादा ३२,७६८ आहे, ती गाठली की मोजणी मागे येते, आणि अर्धवट मेलेल्या जुन्या प्रोसेसने मागे ठेवलेली त्याच नावाची फाईल नवीन प्रोसेसच्या वाट्याला येऊ शकते.

दुसऱ्यांदा हे झाल्यावर माझ्या मनात जे पक्कं बसलं तेच या लेखातलं मुख्य म्हणणं. नाव किती गुंतागुंतीचं केलं याने काही होत नाही. मायक्रोसेकंद घाला, यंत्राचं नाव घाला, लांबलचक आकडा घाला, संकट फक्त लांबतं. विंडोजवरच्या मायक्रोसॉफ्टच्या लायब्ररीत रँडची कमाल किंमत ३२,७६७ आहे. तेवढ्याच आकड्यांवर नावं काढली तर साधारण २१३ फाईलींपाशीच दोन नावं जुळण्याची शक्यता निम्म्यावर पोचते. पण आकडे कितीही मोठे घेतले तरी मूळ खोट शिल्लकच असते: नाव ठरवणं आणि फाईल तयार करणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, आणि दोन पायऱ्यांच्या मधे दुसरं कुणीतरी शिरू शकतं.

म्हणून ‘आधी अ‍ॅक्सेस किंवा स्टॅट करून फाईल आहे का बघतो, नसेल तरच एफओपन करतो’ हाही उपाय नाही. बघितलं त्या क्षणी नव्हती. उघडली त्या क्षणी होती. हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं असेल तर तपासणी आणि एफओपन यांच्या मधे स्लीप घालून एक सेकंदाची उसंत द्या आणि दोन टर्मिनलवरून प्रोग्राम चालवा. दोघेही ‘फाईल नाही’ म्हणतील आणि दोघेही तीच उघडतील. स्लीप नसताना ही फट काही मायक्रोसेकंदांची असते, एवढाच फरक. रात्रीतून हजारो वेळा तीच फट उघडत असेल तर कधीतरी कुणीतरी तिच्यात सापडणारच.

सामाईक फोल्डरमध्ये या फटीचा आणखी वाईट उपयोग होतो. स्लॅश टीएमपी हे फोल्डर सगळ्यांना लिहायला खुलं असतं. त्याची परवानगी १७७७. त्यातल्या पहिल्या १ मुळे दुसऱ्याची फाईल पुसता येत नाही, पण नवीन करायला आडकाठी नसते. तुमच्या फाईलचं पुढचं नाव ज्याला ओळखता आलं, तो त्या नावाची सिम्बॉलिक लिंक, म्हणजे दुसऱ्या फाईलकडे बोट दाखवणारी नोंद, आधीच करून ठेवतो आणि ती तुमच्याच एखाद्या महत्त्वाच्या फाईलकडे वळवतो. तुमचा प्रोग्राम डब्ल्यू मोडमध्ये ‘तात्पुरती’ फाईल उघडतो आणि ती महत्त्वाची फाईल रिकामी होते. लिनक्स ३.६ पासून कर्नलमध्ये अशा लिंकांना अटकाव करणारी सेटिंग आहे, पण तुमचा प्रोग्राम चालतो त्या प्रत्येक यंत्रावर ती चालू असेलच असं धरून कोड लिहू नका.

टीएमपीनॅम या फंक्शनची अडचण नेमकी हीच आहे. टी-एम-पी-एन-ए-एम. ते सी स्टँडर्डमधलं आहे, जुन्या पाठ्यपुस्तकांत असतं, म्हणून विद्यार्थ्यांच्या कोडमध्ये अजून दिसतं. ते फक्त नाव देतं, फाईल देत नाही. नाव देताना त्या क्षणी तशी फाईल नाही एवढंच बघतं. त्याला नल दिला तर उत्तर एका स्थिर बफरमध्ये येतं, म्हणजे दोन थ्रेडनी एकदम हाक मारली तर तिथेही गोंधळ. २००८ च्या पॉझिक्समध्ये, म्हणजे युनिक्ससारख्या प्रणालींच्या सामाईक स्टँडर्डमध्ये, त्यावर ‘कालबाह्य’ असा शिक्का बसला. टेम्पनॅम हे त्याचंच भावंड. फोल्डर निवडता येतं, एवढंच जास्त. एमकेटेम्प, म्हणजे एम-के-टी-ई-एम-पी, त्याहून वाईट: काही जुन्या प्रणालींत ते नावाच्या साच्यातल्या सहा एक्सच्या जागी पीआयडी आणि एकच अक्षर घालायचं, म्हणजे एका प्रोसेसला जास्तीत जास्त २६ नावं. २००८ च्या पॉझिक्समधून ते काढूनच टाकलं.

ग्लिबसी याबद्दल बजावतंही. टीएमपीनॅम वापरलेला प्रोग्राम बांधताना ‘हे धोकादायक आहे, एमकेएसटेम्प वापरा’ अशा अर्थाची वॉर्निंग येते. ती लिंकरकडून येते, कंपायलरकडून नाही, त्यामुळे कंपायलरच्या वॉर्निंग बंद करण्याच्या पर्यायाने जात नाही. ती घालवायच्या मागे लागू नका. तिच्यात जे लिहिलंय तेच करा.

एमकेएसटेम्प: एम-के-एस-टी-ई-एम-पी. हे नाव आणि फाईल दोन्ही एकाच वेळी देतं. तुम्ही एक साचा द्यायचा, ज्याच्या शेवटी सहा मोठे एक्स असतात. ते त्या जागी अक्षरं-आकडे भरतं आणि ओपनला ओ_क्रिएट आणि ओ_एक्सक्ल हे दोन झेंडे लावून फाईल मागतं. पहिल्याचं स्पेलिंग ओ, अंडरस्कोर, सी-आर-ई-ए-टी, शेवटी ई नाही. दुसऱ्याचं ओ, अंडरस्कोर, ई-एक्स-सी-एल. या दोन झेंड्यांचा एकत्र अर्थ: फाईल नसेल तरच तयार कर, असेल तर नकार दे. बघणं आणि तयार करणं ही एकच क्रिया कर्नल करतं, मधे कुणाला शिरता येत नाही. त्या नावाची सिम्बॉलिक लिंक पडलेली असली तरी नकारच मिळतो, ती कुठेही वळलेली असो. नकार आला की एमकेएसटेम्प दुसरं नाव काढून पुन्हा मागतं. सहा जागा, प्रत्येकीत ६२ चिन्हं, म्हणजे ५६ अब्जांवर नावं. पण भरवसा त्या अब्जांचा नाही, कर्नलच्या नकाराचा आहे. उत्तर म्हणून फाईल डिस्क्रिप्टर, म्हणजे उघड्या फाईलचा नंबर, मिळतो, परवानगी ०६००, म्हणजे फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी.

हे वापरायला घेतल्यावर नव्याने येणाऱ्या तक्रारी ठरलेल्या आहेत. त्यातली सगळ्यात जास्त विचारली जाणारी: पहिल्याच हाकेला सेगमेंटेशन फॉल्ट. कारण साचा कॅर पॉइंटरमध्ये थेट अवतरणातल्या मजकुरावर ठेवलेला असतो. तो मजकूर बदलता येत नाही, आणि एमकेएसटेम्पला तर त्याच मजकुरात लिहायचं असतं. पॉइंटरऐवजी अ‍ॅरे घ्या, म्हणजे नावापुढे तारा न लावता रिकामे चौकोनी कंस, आणि त्याला तोच मजकूर द्या. एवढ्याने फॉल्ट जातो.

दुसरी, उत्तर उणे एक आणि एररनोमध्ये, म्हणजे शेवटच्या एररचा नंबर ठेवणाऱ्या व्हेरिएबलमध्ये, ईइनव्हाल, म्हणजे ‘अवैध आर्ग्युमेंट’. सहा एक्स अगदी शेवटी नाहीत. बहुतेकदा कुणीतरी पुढे डॉट टीएक्सटी किंवा डॉट सी जोडलेलं असतं. शेपूट हवंच असेल तर एमकेएसटेम्प्स वापरा, म्हणजे शेवटी आणखी एक एस. त्याला शेपटाची लांबी वेगळी सांगायची असते. ग्लिबसीमध्ये ते २.११ पासून आहे. हीच एरर आणखी दोन प्रकारे येते. एक, लूपमध्ये तोच अ‍ॅरे पुन्हा दिला. पहिल्या हाकेनंतर त्यातले एक्स संपलेले असतात, प्रत्येक फेरीला साचा नव्याने भरायला हवा. दोन, साचा एसएनप्रिंटएफने बनवताना बफर अपुरा पडला आणि शेवटचे एक्सच कापले गेले. हे फार छुपं असतं. लहान पाथवर चालतं, ग्राहकाच्या लांब पाथवर अडतं. एसएनप्रिंटएफचं उत्तर बफरच्या मापाशी ताडून बघत जा.

साचा आपणच बनवायचा असतो हेही इथे लक्षात घ्या. टीएमपीडीआयआर हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल एमकेएसटेम्प स्वतः बघत नाही. गेटएन्व्हने ते वाचायचं, नसेल तर स्लॅश टीएमपी घ्यायचं, हे काम तुमचं.

हेडरची एक भानगड आहे, तिने माझे दोन दिवस घेतले. कंपायलरला काटेकोर सी९९ मध्ये चालवलं तर एसटीडीलिब हेडर पॉझिक्सची फंक्शनं दाखवत नाही. एमकेएसटेम्प तरीही चालून जातं, कारण ते इंट परत करतं आणि जुने कंपायलर न सांगितलेल्या फंक्शनचं उत्तर इंटच धरतात. पण एमकेडीटेम्प, म्हणजे तात्पुरतं फोल्डर करून देणारं, पॉइंटर परत करतं. ६४ बिटच्या यंत्रावर तो पॉइंटर इंट समजून अर्धा कापला जातो आणि प्रोग्राम पुढे भलत्याच ओळीवर कोसळतो. वॉर्निंग आलेली असते, आपण ती वाचलेली नसते. जीसीसीच्या १४ व्या आवृत्तीपासून ही चूक थेट एरर झाली, ते फार बरं झालं. उपाय: सगळ्या हेडरच्या आधी पॉझिक्सचा मॅक्रो २००८०९एल या किमतीने डिफाइन करा.

तिसरी तक्रार परवानगीची. तुम्ही फाईल लिहिली, दुसऱ्या युजरखाली चालणाऱ्या प्रोग्रामला ‘परवानगी नाही’ असं उत्तर आलं. ०६०० चा हा परिणाम आहे आणि तो योग्यच आहे. ती फाईल खरोखरच दुसऱ्याला द्यायची असेल तर लिहून झाल्यावर हातातल्या डिस्क्रिप्टरवर एफसीएचमॉड करा. नावावर सीएचमॉड करू नका. नावाकडे परत गेलात की तीच जुनी फट पुन्हा उघडली.

एफप्रिंटएफ वापरायचं असेल तर डिस्क्रिप्टर एफडीओपनला द्या. त्यानंतर बंद करायचं ते फक्त एफक्लोजने. वर आणखी क्लोज मारलं तर एक थ्रेड असेपर्यंत काही जाणवत नाही. अनेक थ्रेड असले तर मधल्या क्षणी तोच डिस्क्रिप्टर नंबर दुसऱ्या थ्रेडला मिळालेला असतो आणि तुम्ही त्याची फाईल बंद करता. आणि मुळात बंद करायलाच विसरलात तर काही तासांनी ‘खूप फाईली उघड्या’ ही एरर येते.

नाव कुणाला सांगायचंच नसेल तर याहून सोपा रस्ता आहे. टीएमपीफाईल हे सी स्टँडर्डमधलं फंक्शन सरळ उघडी फाईल हातात देतं आणि ती बंद झाली की आपोआप नाहीशी होते. वर्गवारी, गाळणी, मधला हिशेब अशा कामांना हेच घ्या. लिनक्सवर एमकेएसटेम्प करून लगेच अनलिंक केलं तरी तोच परिणाम मिळतो: फोल्डरमधून नाव जातं, फाईल मात्र शेवटचा डिस्क्रिप्टर बंद होईपर्यंत जिवंत राहते. प्रोसेसला कुणी किल उणे नऊने मारलं तरी मागे कचरा राहत नाही. लिनक्स ३.११ पासून ओपनला ओ_टीएमपीफाईल झेंडा देऊन मुळातच बिननावाची फाईल मागता येते, फक्त त्या फाईलसिस्टिमने साथ द्यायला हवी.

अनलिंकच्या या युक्तीत एक गोष्ट सांभाळा. तुमच्या प्रोसेसने फोर्क करून दुसरा प्रोग्राम चालवला असेल तर उघडा डिस्क्रिप्टर त्याच्याकडेही जातो. तो प्रोग्राम दिवसेंदिवस चालत राहिला तर पुसलेल्या फाईलने अडवलेली जागा सुटत नाही. डिस्कवरची शिल्लक जागा सांगणारं डीएफ म्हणतं डिस्क भरली, फाईलींची मापं मोजणारं डीयू म्हणतं इथे काहीच नाही. उघड्या फाईली दाखवणाऱ्या एलएसओएफच्या यादीत त्या फाईलपुढे ‘डिलीटेड’ दिसतं तेव्हा कोडं सुटतं. एमकेओएसटेम्प घेऊन त्याला ओ_क्लोएक्सेक द्या, म्हणजे एक्झेक होताना डिस्क्रिप्टर आपोआप बंद होईल.

फाईलचं नाव दुसऱ्या प्रोग्रामला द्यावंच लागतं, आमच्या छपाईसारखं, तेव्हा मी एकेका फाईलच्या मागे लागत नाही. सुरुवातीलाच एमकेडीटेम्पने एक फोल्डर करतो. त्याची परवानगी ०७००, आत फक्त आपलाच युजर जाऊ शकतो. मग आतल्या फाईलींना ‘पावती१’, ‘पावती२’ अशी साधी नावं दिली तरी चालतात, कारण तिथे नाव भिडायला दुसरं कुणी येतच नाही. काम झालं की पूर्ण फोल्डर पुसायचं. अ‍ॅटएक्झिटमध्ये पुसण्याचा कोड घालून निर्धास्त होऊ नका. सिग्नलने प्रोसेस मेली तर तो चालत नाही. पुढच्या फेरीच्या सुरुवातीला जुनी फोल्डरं झाडणारी दोन ओळींची स्क्रिप्ट ठेवा. सिस्टमडी (लिनक्समधल्या सेवा सांभाळणारी व्यवस्था) असलेल्या यंत्रांवर मूळ नेमणुकीप्रमाणे स्लॅश टीएमपीतल्या दहा दिवस आणि स्लॅश व्हार स्लॅश टीएमपीतल्या तीस दिवस हात न लागलेल्या फाईली आपोआप साफ होतात. म्हणजे पंधरा दिवस चालणाऱ्या कामाची फाईल पहिल्या ठिकाणी ठेवू नये, हेही त्यातून आलंच.

आता एक वेगळी पण जोडीनेच येणारी समस्या. तात्पुरती फाईल लिहायची आणि पूर्ण झाली की रिनेम करून खऱ्या नावावर ठेवायची, ही पद्धत उत्तम. वाचणाऱ्याला एकतर जुनी पूर्ण फाईल दिसते किंवा नवी पूर्ण फाईल, अर्धवट कधीच दिसत नाही. पण लोक तात्पुरती फाईल स्लॅश टीएमपीत करतात आणि रिनेम एक्सडेव्ह एररने अडतं, कारण ते दोन फाईलसिस्टिमच्या मधे चालत नाही, आणि बऱ्याच ठिकाणी स्लॅश टीएमपी मेमरीतली वेगळी फाईलसिस्टिम असते. विकसकाच्या यंत्रावर सगळं एकाच डिस्कवर असल्याने तिथे हे दिसत नाही. मग कुणीतरी रिनेम काढून कॉपी घालतं आणि अर्धवट फाईल दिसण्याचं संकट परत येतं. तसं करू नका. एमकेएसटेम्पचा साचाच खऱ्या फाईलच्या फोल्डरमध्ये बनवा. लिहा, एफफ्लश करा, एफसिंक करा, गरजेप्रमाणे एफसीएचमॉड करा, एफक्लोजचं उत्तर तपासा, आणि मग रिनेम. एफक्लोजचं उत्तर तपासायला कुणी सांगत नाही, पण डिस्क भरल्याची बातमी कित्येकदा तिथेच कळते.

नाव तुम्हालाच ठरवायचं असेल, उदाहरणार्थ त्यात पावतीचा क्रमांक यायलाच हवा, तरी तत्त्व तेच. सी११ पासून एफओपनच्या मोडमध्ये डब्ल्यूच्या पुढे एक्स लिहिता येतो. त्याचा अर्थ ओ_एक्सक्लचाच: फाईल असेल तर नकार. नकार आला आणि एररनो ईएक्झिस्ट असेल तर पुढचा क्रमांक घ्या आणि पुन्हा मागा. दुसरी कुठलीही एरर असेल तर थांबा, नाहीतर फोल्डरच नसताना लूप अखंड फिरत राहील.

नेटवर्कवरच्या फोल्डरबद्दल: एनएफएसवर, म्हणजे नेटवर्कवरून जोडलेल्या फाईलसिस्टिमवर, ओ_एक्सक्लचा शब्द पाळला जातो तो आवृत्ती ३ किंवा पुढची आणि कर्नल २.६ किंवा पुढचं असेल तरच. आज तसंच असतं, पण एखाद्या जुन्या स्टोरेज यंत्रावर आवृत्ती २ ने जोडणी केलेली नाही ना, एवढं बघून घ्या.

विंडोजवर गेटटेम्पफाईलनेम आहे. शेवटून दुसऱ्या आर्ग्युमेंटला शून्य दिलं तर ते शून्य बाइटची फाईल स्वतः तयार करून नाव देतं, म्हणजे तिथेही नाव आणि फाईल एकत्रच येतात. पण उपसर्गाची फक्त तीनच अक्षरं घेतं आणि एका उपसर्गाला जास्तीत जास्त ६५,५३५ फाईली. वापरून झालेल्या फाईली पुसल्या नाहीत तर फोल्डर भरत जातं, प्रत्येक हाकेला मोकळं नाव शोधायला वेळ लागत जातो, आणि एक दिवस फंक्शन ‘फाईल आधीच आहे’ म्हणून परत येतं. ‘प्रोग्राम महिन्यागणिक हळू होत चाललाय’ अशी तक्रार असेल तर टेम्प फोल्डरमधल्या फाईली मोजा.

दुरुस्ती खरोखर लागली का, हे बघायला लिनक्सवर एसट्रेस, म्हणजे प्रोग्राम कर्नलकडे काय काय मागतो ते दाखवणारं साधन, पुरेसं आहे. उणे एफ देऊन, फक्त ओपनअ‍ॅट दाखव असं सांगून प्रोग्राम चालवा आणि तुमच्या फाईलच्या नावाची ओळ शोधा. त्या ओळीत ओ_क्रिएटच्या शेजारी ओ_एक्सक्ल दिसायला हवं आणि शेवटी ०६००. ओ_एक्सक्लच्या जागी ओ_ट्रंक दिसलं, टी-आर-यू-एन-सी, तर कुठेतरी अजून जुनं एफओपनच चालू आहे. आमच्याकडे एका लायब्ररीच्या पोटात ते निघालं. आमच्या कोडमध्ये शोधून सापडलं नसतं. म्हणून ग्रेपने टीएमपीनॅम, टेम्पनॅम आणि एमकेटेम्प शोधताना स्वतःच्या सोर्सबरोबर जोडलेल्या लायब्ररींचा सोर्सही धरा, आणि सोर्स नसेल तर एनएम उणे डी लावून त्या .एसओ (तयार लायब्ररीच्या) फाईलींमधली नावं बघा.